चाळीस कशातले?

मी एक तक्ता बोलतोय. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, दीड हात लांब. शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्याशी माझी सोयरीक जुळवू नका, मला राग येतो. उजेड मोजायची मापं पूर्वी जागोजागी निराळी होती. एका मापातला उजेड दुसऱ्या मापात किती भरतो, ते माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. ज्योत म्हणजे ठरावीक बनावटीच्या छोट्या दिव्याचा उजेड. तेलदिवा म्हणजे जाड गोल वातीच्या मोठ्या दिव्याचा. एक तेलदिवा बरोबर पावणेअकरा ज्योती, ही माझी तिसरी ओळ. आता ही मापं कुणी वापरत नाही, पण मला विसरता येत नाहीत.

मला लिहिलं ते दिवे तपासणाऱ्या परीक्षकांनी. अक्षर मोत्यासारखं. पण एकदा भिंतीवर टांगल्यावर त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आपणच लिहिलेलं, त्यात काय बघायचं!

आमची खोली छतापर्यंत काळ्या रंगानं रंगवलेली होती, म्हणजे भिंतींचा उजेड मधे लुडबुडत नसे. लांब बाकाच्या एका टोकाला आमची ज्योत, दुसऱ्या टोकाला तपासायचा दिवा आणि मधे तेलाचा डाग पाडलेला कागद. कागद पुढेमागे सरकवायचा. दोन्हीकडचा उजेड सारखा झाला की डाग दिसेनासा होतो. परीक्षकांची नजर अधू झाली होती, म्हणून डाग बघायला त्यांची मुलगी असे. ती बघायची, ते हिशेब करून आकडा सांगायचे, ती वहीत लिहायची. आकड्यापुढे माप लिहायची पद्धत नव्हती. या खोलीत सगळं ज्योतीतच, मग शाई कशाला वाया घालवायची?

एकदा बंदराकडून चिठ्ठी आली. खडकाजवळचा नवा दिवा तपासून द्या, उजेड चाळीस हवा. धक्क्यावरचे दिवे चाळीस ज्योतींचेच असायचे. हाही तेवढाच भरला.

मुलगी लिहिता लिहिता थांबली. तिचं बोट माझ्या तिसऱ्या ओळीवर आलं.

"बाबा, चाळीस कशातले? खडकाजवळचा दिवा आहे, लांबून दिसायला हवा. तेलदिवे असले तर?"

"तीस वर्षं हेच करतोय मी. आता तू मला शिकवणार?"

"तसं नाही, एकदा विचारून..."

"लिही मुकाट्यानं. बोट काढ तिथून, डाग पडतील."

तिनं बोट काढलं. मी बोंबलून सांगितलं असतं, पण तक्त्याला तोंड कुठून येणार?

दिव्याचा उजेड हवा होता त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. तिसऱ्या आठवड्यात, धुकं उतरलेल्या संध्याकाळी एक बोट खडकावर फुटली. अकरा माणसं गेली.

चौकशी आमच्याच खोलीत झाली. बंदराचा अधिकारी कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आमच्याकडे पहिल्यापासून तेलदिव्यातच मोजतात. ते वेगळं लिहायचं कशाला?" त्यांच्याकडेही तीच खोड. चौकशीवाल्यांनी वही उघडली.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं," मुलगी म्हणाली.

मग त्यांनी परीक्षकांना विचारलं, "हिनं तुम्हाला मापाबद्दल काही विचारलं होतं?"

मी त्यांच्या बरोबर डोक्यावर टांगलेला होतो. त्यांनी घसा खाकरला.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. माप न विचारता आकडा लिहिल्याबद्दल तिला दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या दिवशी मला त्यांची किळस आली, आणि मी त्यांच्याच हातचा होतो.

पुढे नवी मापं आली, खोली बंद झाली. परीक्षकांनी मला काखेत मारून घरी आणलं. शिक्षा भोगून आलेली मुलगी तिथं लोकांचे कपडे शिवत होती. त्यांनी मला तिच्यापुढे ठेवलं.

"पोरी, तू विचारलं होतंस. मला तेव्हाही आठवत होतं."

"मला माहीत आहे, बाबा."

"आता कोणाला सांगू?"

तिनं मशीन थांबवलं. "पलीकडच्या गल्लीतल्या काकूंना सांगा. त्यांचे दोन्ही मुलगे त्या बोटीवर होते. मी दिसले की त्या दार लावून घेतात."

परीक्षकांनी चपला घातल्या, दाराशी गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी बाहेर गेल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर लिहिलं : 'माप मुलीनं विचारलं होतं. मी ऐकलं नाही. चौकशीत मी खोटं बोललो.' खाली सही केली. पण मला घेऊन त्या गल्लीत जायचं त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी मला भांड्यांच्या फळीवर लिहिलेली पाठ खाली करून ठेवलं आणि वर पातेली मांडली. त्याच वर्षी ते गेले.

मुलीला यातलं काही ठाऊक नाही. ती पातेली उचलते, ओल्या फडक्यानं मला पुसते, पातेली परत ठेवते. तिसऱ्या ओळीवर तिचा हात जरासा थांबतो. काकूंचं दार अजून लागतं, त्याचा आवाज खिडकीतून मला ऐकू येतो.

फळीला ओल चढते आहे. माझ्या पाठीवरची शाई फुटायला लागली आहे, सही तर गेल्यातच जमा. या घरी कुणी येणार असाल, तर तिला एवढंच सांगा, की मला एकदा उलटून बघ.