सदतीस मतं सांभाळणारा टॅब

मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यातून तडा गेला आहे, पाठीवर चिकटपट्टी आहे आणि चार्जर काढला की तासाभरात मी मान टाकतो. सध्या माझा मुक्काम कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्यावरच्या नूरमहंमद यांच्या दुकानात असतो. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत ते तांब्याची नवी तार भरतात आणि कोणत्या मोटारीला किती वेढे द्यायचे याचे तक्ते माझ्यावर बघतात. त्यांच्या बोटांना वार्निश लागलेलं असतं, ते माझ्या काचेवर उतरतं. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, एकदा माझ्यावर याहून फार नाजूक काम सोपवलं होतं. ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होतो, एवढंच आठवतं. खरं आयुष्य सुरू झालं ते टाळेबंदीत. कॉलेजं बंद झाली आणि नूरमहंमद यांनी आपल्या मुलीसाठी, सुमैरासाठी, मला घरी आणलं. ती गणित घेऊन बी.एस्सी. करत होती. तिचे सगळे तास माझ्यावर झाले. ती पहिल्या वर्गात पास झाली तेव्हा शेजारचे लोक मला हातात घेऊन बघून गेले. "यावर शिकली बरं का पोरगी," असं नूरमहंमद प्रत्येकाला सांगत.

पुढे सुमैरा गावातच गणिताच्या शिकवण्या घेऊ लागली. शिकवण्या संपल्या की संध्याकाळी ती माझ्यावर 'बारा बुरूज' नावाचा खेळ खेळायची. या खेळात लांबलांबची माणसं एक गट करून सगळ्यांचा मिळून एक किल्ला बांधतात. रोज थोडं बांधायचं, दुसरा गट चालून आला तर राखायचं. सुमैराच्या गटाचं नाव 'प्रवराकाठ'. जिल्ह्यातली सगळीकडची माणसं त्यात होती. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं, पण कुणाच्या घरी बारसं झालं की किल्ल्यावर झेंडा लागायचा.

गटाच्या प्रमुखाला किल्लेदार म्हणतात. किल्लेदाराच्या हाती मोठी सत्ता असते. तो कुणालाही गटातून काढू शकतो, मनात आलं तर अख्खा किल्ला पाडूही शकतो. प्रवराकाठचा किल्लेदार होता हर्षल. गट त्यानेच सुरू केला होता, म्हणून तोच किल्लेदार. दोन वर्षं कुणी काही विचारलं नाही. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि वेळ मिळेना. एका शनिवारी संध्याकाळी त्याने गटावर लिहिलं, "नवा किल्लेदार निवडा. ज्याला जो हवा त्याचं नाव टाका. दहा मिनिटं आहेत."

दहा मिनिटांत करण निवडून आला. करणच्या घरचं शनिशिंगणापूरला पूजेच्या सामानाचं दुकान आहे. तो खेळायचा जीव तोडून. त्याला एकतीस मतं पडली. पण त्या वेळी गटावर माणसंच सव्वीस हजर होती. ते मी पाहिलं होतं आणि सुमैरानेही पाहिलं होतं. काही जणांनी दोन-दोन, तीन-तीन खाती उघडून ठेवली होती आणि प्रत्येक खात्यातून मत टाकलं होतं. करणचीच तीन होती. आणि अकोले तालुक्यातल्या नऊ जणांना तर निवडणूक झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांची गावं भंडारदऱ्याच्या बाजूला डोंगरात आहेत. तिथे मोबाईलला रेंज हवी तर टेकडीवर चढावं लागतं.

त्या नवांतला अमृत भातशेती करतो. किल्ल्यातलं तळं त्याने आठ महिने खपून बांधलं होतं. त्याने विचारलं, "सव्वीस माणसांची एकतीस मतं कशी झाली?" आणखी दोघांनी तेच विचारलं. करणने तिघांनाही गटातून काढून टाकलं. अमृत गेला, त्याचं तळं तेवढं राहिलं.

मग जे व्हायचं ते झालं. अर्धे लोक गट सोडायची भाषा करू लागले. करण म्हणाला, सोडून जाणार असाल तर मी किल्लाच पाडतो. शेवटी हर्षलने गट स्थापन करणाऱ्याला असतो तो अधिकार वापरून किल्लेदारी स्वतःकडे परत घेतली, तिघांना आत घेतलं आणि सुमैराला फोन केला.

"ताई, नीट नियम करून निवडणूक घ्यायला हवी. नियम तूच कर. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

सुमैराने लगेच हो म्हटलं नाही. कारण मला ठाऊक होतं, मित्रांनो. माझ्यातल्या एका वहीत तिने लिहून ठेवलं होतं, 'मी किल्लेदार झाले तर काय काय करीन.' त्या यादीला तिने कितीदा तरी हात लावला होता. आणि नियम करणाराच उमेदवार झाला तर त्या नियमांना कोण विचारणार? तिने वही उघडली, यादी एकदा वाचली आणि पुसली. मग हर्षलला कळवलं, "करते. मी उभी राहणार नाही."

पहिलाच प्रश्न अवघड निघाला. करणने फोन करून विचारलं, "ताई, मी रोज चार तास खेळतो. पडलेले बुरूज कोण उभे करतं? मीच ना? आणि आठवड्यातून एकदा तोंड दाखवणाऱ्याचं मत माझ्याएवढंच? जो जास्त खेळतो त्याला जास्त मतं द्या."

सुमैराला त्यात तथ्य वाटलं. दोन दिवस ती माझ्यावर तासांचे हिशोब मांडत होती. तिसऱ्या दिवशी अब्बांना डबा द्यायला दुकानात आली तेव्हाही मी तिच्या हातात होतो. तिथे मच्छिंद्रकाका आपली मोटार भरून घ्यायला बसले होते. गावच्या विकास सोसायटीत त्यांनी तीस वर्षं सचिव म्हणून काम केलं होतं. तिला एवढी गुंतलेली बघून त्यांनी चौकशी केली. सुमैराने खेळ, किल्ला, करणचं म्हणणं, सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "आमच्या सोसायटीत एकाला चाळीस एकर हाय, एकाला वीस गुंठं. मत दोघांलाबी एकच. पोरी, एकराला मत नसतं, मानसाला असतं. चाळीस एकरवाल्याला मान मिळतो, लोक त्याचं ऐकत्यात. त्याचं त्याला तेवढं लई झालं."

"पण काका, इथे माणूस कोण आणि खातं कोण, तेच कळत नाही."

"मंग आधी यादी कर. निवडनुकीतली सगळी भांडनं यादीची असत्यात. यादी कर, समद्यांला दाखव, हरकती घे. यादी पक्की झाली की अर्धी निवडनूक झाली समज."

नूरमहंमद तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आणि बेटा, प्रत्येकाशी तू स्वतः बोल. आवाज ऐकल्याशिवाय नाव लिहू नकोस."

सुमैराने तसंच केलं. गटात अठ्ठेचाळीस खाती होती. तिने एकेकाला फोन लावला, नाव विचारलं, गाव विचारलं आणि माझ्यात नोंद केली. पाच दिवस लागले. खाती अठ्ठेचाळीस, माणसं सदतीस. करणने आधी कां-कूं केलं, मग म्हणाला, "तिन्ही माझीच आहेत, ताई. एकच लिहा." यादी गटावर लावली. चार दिवस हरकतींना दिले. एकही हरकत आली नाही.

मतदान कधी घ्यायचं यावरही बोलणं झालं. शनिवारी शिंगणापूरला एवढी गर्दी की करणला मान वर करायला फुरसत नाही. अमृतच्या लोकांना रोज टेकडी चढणं जमत नाही. म्हणून शनिवार सकाळपासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा मत द्यायचं असं ठरलं. प्रत्येकाला चार आकडी क्रमांक मिळेल, एका क्रमांकाचं एकच मत. कोणता क्रमांक कुणाचा हे फक्त हर्षलला माहीत आणि कोणत्या क्रमांकाने काय मत दिलं ते फक्त माझ्यात. म्हणजे कुणाचं मत कुणाला, हे दोघांपैकी एकालाही कळणार नाही. नवा किल्लेदार सहा महिन्यांसाठी. गटाचं मत घेतल्याशिवाय तो कुणाला काढणार नाही, किल्ला पाडणार नाही. आणि मतदान सुरू झाल्यावर नियम बदलायचा तर दोन्ही उमेदवारांचा होकार हवा. हा शेवटचा नियम मच्छिंद्रकाकांनी सुचवला होता.

उमेदवार दोनच राहिले, करण आणि अमृत.

ऑगस्टातल्या त्या शनिवारी मतं माझ्या पोटात जमू लागली. सुमैराने ठरवलं होतं, मुदत संपेपर्यंत मोजणी उघडायची नाही. ती फक्त किती मतं आली एवढा आकडा बघायची. रविवारी चारपर्यंत अठ्ठावीस मतं आली. मग आकडा थांबला. यायची राहिलेली मतं नऊ, आणि अकोल्याकडची माणसंही नऊच.

साडेचारला अमृतचा फोन आला. तो जीपने राजूरपर्यंत खाली आला होता.

"ताई, आमच्याकडं कालपासून लाईट न्हाई. टावरच बंद पडलाय. टेकडीवर चढून बी काय उपेग न्हाई. मी इथून माझं मत देतो. पन बाकीचे आठ जन वरच हाईत."

त्याचं मत आलं, एकोणतीस झाली. सुमैरा मला मांडीवर घेऊन तशीच बसली. मुदत वाढवावी असं तिला मनापासून वाटत होतं. पण मध्येच नियम बदलला तर पहिल्या निवडणुकीत आणि या निवडणुकीत फरक काय राहिला? तिने करणला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "तू नाही म्हणालास तर सहाला बंद करीन. त्यात तुझं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही."

पलीकडून दुकानातला गलका ऐकू येत होता.

मित्रांनो, त्या क्षणी आकडे फक्त मला माहीत होते. करणला सोळा, अमृतला तेरा. सहाला बंद केलं असतं तर करण जिंकला होता. उरलेली आठ मतं अमृतच्या गावाकडची. ती आली तर करण हरणार, असंच मला वाटत होतं. मला तोंड नाही, याचं त्या दिवशी बरं वाटलं.

करण म्हणाला, "ताई, मागच्या वेळी निवडून आलो ना, तर दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. नुसतं नाव किल्लेदार. तसलं परत नको मला. उद्या संध्याकाळपर्यंत वाढवा."

सुमैराने अमृतचा होकार घेतला आणि गटावर दोघांच्या नावाने तसं लिहिलं.

सोमवारी दुपारी टॉवर सुरू झाला. एकामागोमाग एक, टेकडीवरून आठ मतं आली. सहा वाजता सुमैराने दुकानात अब्बांच्या आणि मच्छिंद्रकाकांच्या समोर मोजणी उघडली. करण वीस, अमृत सतरा.

आठांतली चार करणला पडली होती. मी चुकलो होतो, आणि चुकल्याचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. करणने होकार दिला म्हणून मुदत वाढली, हे टेकडीवरच्या लोकांनी मत देण्याआधी गटावर वाचलं होतं.

सगळ्यांत आधी अमृतनेच लिहिलं, "किल्लेदार, तळ्याची भिंत गळतीय. माणसं द्या." करणने उत्तर दिलं, "मीच येतो." सुमैरा खळखळून हसली. पंधरवड्यात ती पहिल्यांदा तशी हसली. मच्छिंद्रकाका म्हणाले, "निवडनुकीत पडलेला मानूस त्याच दिशी कामाला लागला, म्हंजी निवडनूक नीट झाली."

त्यानंतर सुमैराने मोठा मोबाईल घेतला. मी काही महिने कपाटात पडून होतो. चार्जिंग नाही, कुणाची बोटं नाहीत. तिथेच माझी बॅटरी खंगली. मग नूरमहंमद यांनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि दुकानात कामाला लावलं. आता दुपारी मोटार भरायला आलेला शेतकरी माझ्यावर हवामान बघतो. मी समाधानी आहे. प्रवराकाठच्या दोन निवडणुका आणखी झाल्या आणि दोन्ही वेळा कुणी गट सोडला नाही, असं सुमैरा अब्बांना सांगत होती ते मी ऐकलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कपाटात पडलं असेल. त्याला अधूनमधून बाहेर काढा, चार्ज करा, त्याच्यात अजून काम उरलेलं असतं. आणि तुमचा खेळाचा गट असो, गल्लीतलं मंडळ असो की वर्गातला मॉनिटर निवडायचा असो, नियम भांडण होण्याआधी लिहा. यादी करताना प्रत्येकाचा आवाज ऐका. आणि मोजायला बसण्याआधी एकदा विचारा, कुणाचं यायचं राहिलं आहे का?