निवृत्तीची झोप

मी मैना. तोंडाची फटकळ, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक. तरी एक गोष्ट मी सात दिवस पोटात ठेवली, ती आज सांगते.

साल एकोणऐंशी. आमचे हे, निवृत्ती, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात हेल्पर होते. बॉयलरची परीक्षा पास झाली की बढती. पण ड्युटी करून अभ्यास करायचा म्हणजे झोपायचं कधी? ओळखीच्या सोमा ड्रायव्हरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. एक खाल्ली की झोप नाही, भूक नाही, पानंच्या पानं पाठ. मी म्हटलं, बाई गं, काय ताकद! एकाच्या चार कधी झाल्या, कळलंच नाही.

मग ते निराळेच झाले. भर दुपारी अंगणात बसून केंद्राच्या धुराड्याकडे बघत राहायचे. धूर वर जायचा, पसरायचा, आणि हे त्याला हुंकार द्यायचे. "मैना, तो माझं नाव घेतोय बघ." आवाज इतका मऊ की मलाही कान देऊन ऐकावंसं वाटे. शेजारची भागीबाई म्हणाली, भगताकडे न्या. माझ्या सासूबाई उसळल्याच. "छप्पन सालीच देव सोडले आम्ही. माझं पोरगं ध्यान करतंय!" झालं! कॉलनीतली माणसं येऊन त्यांच्यापुढे हात जोडून बसायला लागली. मीच सतरंजी अंथरायची, तीही अभिमानानं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

एक दिवस ते विळा घेऊन भागीबाईच्या नवऱ्यामागे धावले. तो मारायला आलाय म्हणे. तेव्हा कुठे आम्ही त्यांना नाशकात दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दारू? गांजा?"

"सुपारीसुद्धा नाय," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. गोळ्यांचं कुणाला सुचलंच नाही. त्या अभ्यासाच्या होत्या ना!

तिथं ते झोपले ते झोपलेच. दोन घास खायचे, परत आडवे. तीन दिवस. आवाज थांबले होते, पण मला धडकी भरली. ऊन खिडकीतून त्यांच्या तोंडावर यायचं, भिंतीवर सरकायचं, जायचं, आणि माणूस हलायचा नाही. वाटायचं, आम्ही दोघं खोल पाण्यात आहोत आणि त्यांचा हात माझ्या हातातून सुटत चाललाय. त्यात परीक्षा तोंडावर. चौथ्या दिवशी घरून आणलेल्या चहात मी त्याच पांढऱ्या गोळ्यांतल्या दोन कुस्करल्या.

उठले की! बोलले, हसले. मला आभाळ ठेंगणं झालं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंसमोरच म्हणाले, "धूर खिडकीशी आलाय. सांगतोय, मैना चहात काहीतरी घालती." बाईंनी तेही भास म्हणून कागदावर लिहून घेतलं. मी ओरडले, "काहीही काय बोलता!" आणि रोज घालत राहिले. गोळी नसली तर हे निजूनच जातील, एवढंच मनात.

अकराव्या दिवशी बाईंनी मला एकटीला बोलावलं. "भास थांबून परत आले. जन्माचा आजार दिसतोय. ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल, नोकरीचं काही सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "पण भास थांबले त्या पहिल्या तीन दिवसांचं कोडं सुटत नाही, मैनाबाई. तेव्हा काय वेगळं होतं?"

कमरेची गोळ्यांची पुरचुंडी सोडून मी टेबलावर ठेवली.

त्या ओरडल्या नाहीत. "अ‍ॅम्फेटामिन," एवढंच म्हणाल्या. "यानंच डोकं फिरलंय त्यांचं. हे सुटलं की माणूस असाच झोपतो. झोपू द्या." कागदावरची ठाण्याची ओळ त्यांनी माझ्यासमोर खोडली.

ते आठ दिवस झोपले. मी उठवलं नाही. नवव्या दिवशी दुपारी डोळे उघडले, तर नजर स्वच्छ, लग्नात पाहिलेली. आता लपवायचं कशाला? म्हटलं, "अहो, चहात मीच घालत होते."

शिव्या देतील वाटलं. ते उठून बसले.

"म्हणजे धूर सांगत होता ते खरं होतं?"

"हो."

"मग मैने, मी सगळाच येडा नव्हतो!"

आणि माझा हात धरून ढसाढसा रडले, आनंदानं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.