खळीपुरती पेज

पेजेवर साय धरली होती. पातळ, किंचित निळसर, बोट लावलं की सुरकुतणारी... कुसुमताई गंजाकडे बघत उभ्या होत्या, किती वेळ ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भात वेळायचा, पेज गंजात धरायची, वर ताटली झाकायची — हे सगळं हातांना ठाऊक होतं, हात त्यांना काही विचारत नव्हते.

"आई," हेमराज दारातून म्हणाला, "सुतार संध्याकाळी येऊन राहिला. बाबांचा माग काढाचा ना मंग? त्याखालचा खड्डा बुजवून देतो. करुणाले शिलाई मशीन ठेवाले जागा होते."

"हो."

"नुसतं हो हो नको करू. नीट विचार कर, संध्याकाळी सांग."

"हो," त्या पुन्हा म्हणाल्या. मुलगा गेला.

नवरा, सेवकराम, गेल्यापासून त्या सगळ्यालाच हो म्हणत होत्या. चहा घेता का, हो. बाबांची धोतरं देऊन टाकू का, हो. तेरवीला नात्यातल्या बायकांनी गळ्यात पडून त्यांना रडवून पाहिलं, पण त्या बायकांच्या खांद्यावरून अंगणात बघत राहिल्या — जेवणाच्या पळसाच्या पत्रावळी कुणी खताच्या खड्ड्यात टाकल्या की तशाच नालीत फेकल्या, एवढंच मनात चाललं होतं. लोक म्हणाले, बाई घट्ट आहे. घट्ट कसली... आत काही नव्हतंच, रिकाम्या डब्याला घट्ट कोण म्हणतं?

दुपारी करुणाच्या बचत गटाची बैठक ओसरीत होती. या वेळचा विषय पर्यावरण आणि आपल्या रोजच्या सवयी. "आई, तुम्हीच सांगा ना दोन गोष्टी," सून सकाळीच म्हणाली होती. "पवनीत तुमच्यासारखं घर कोनाचं हाय?"

तांदूळ धुतलेलं पाणी कोहळ्याच्या वेलाला. बाजाराला जाताना उरल्यासुरल्या कापडाची थैली. खोलीतून उठलं की दिवा बंद. मागावरून निघालेले सुताचे तुकडे उशीत, वातीत, मिरच्यांच्या माळेत... माझ्या कुठल्या या सवयी? सगळ्या त्यांच्या. लग्न होऊन आले त्या वर्षी मी मूठभर सुताच्या दशा केरात टाकल्या, तर ते रागावले नाहीत, बोललेही नाहीत. उकिडवे बसून केरातून एकेक दोरा वेचत राहिले, आणि मी भिंतीला टेकून बघत होते, सासू बघत होती, शेजारीण बघत होती. असा राग आला होता तेव्हा! बोलले असते तर बरं झालं असतं. मग राग कुठे गेला कोण जाणे, आणि सवय लागली. त्याला पर्यावरण म्हणतात हे तर आत्ता कळलं.

बायका जमल्या. कुसुमताईंनी सगळं सांगितलं, दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल सांगावं तसं. बायका माना डोलवत होत्या, एकीनं मोबाइलवर व्हिडिओही काढला. कोंढ्याहून पवनीत सून म्हणून आलेली खुशबू पुढे सरकून म्हणाली, "काकू, पेज मी पन नाही फेकत. केसाले लावतो. तुम्ही कायले ठेवता?"

"खळीले," कुसुमताई म्हणाल्या. "सुताले खळ द्याची असते ना. सकाळी उठल्या उठल्या लागते त्यायले."

करुणानं मान खाली घातली. सेवकराम दिवाळीत गेले तेव्हापासून मागाच्या खोलीचं दार उघडलं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

"हो काकू," खुशबू हळूच म्हणाली.

त्या उठल्या. कुणी अडवलं नाही. मग रोजची पेज कुठे जात होती?... सकाळी आंबलेली मोरीत ओतत होते मी. रोज. ओतायची, गंज घासायचा, पुन्हा भात वेळायचा. थेंब वाया जाऊ देत नाही म्हणून जिचा आत्ता व्हिडिओ काढला, ती मीच.

मागाच्या खोलीत कुबट वास होता. मागावर कोशाच्या रेशमाची साडी अर्धवट, तशीच ताणलेली. कुसुमताई मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसल्या, सेवकरामांच्या जागी, आणि पाय आत सोडले. माती थंडगार होती — इतकी की त्यांनी पाय वर घेतले आणि पुन्हा सोडले.

त्या दिवशी इथंच बसून ते म्हणाले होते... "छातीत जरासं जळजळून राहिलं, काही नाही. एवढा काठ होऊ दे. खळ दिलेलं सूत हाय, वाया कायले घालवाचं?" त्या दारात उभ्या होत्या, हातात लिंबूपाणी. ते प्यायले आणि पुन्हा धोटा मारायला लागले. घामानं बनियन भिजली होती. दुपारपर्यंत काठ झाला. भंडाऱ्याला नेताना गाडीतच संपलं.

सूत वाया जाईल म्हणून! दोरा जपला, पाणी जपलं, पेज जपली, फुटक्या बटणाला दोन भोकं शिल्लक आहेत म्हणून तेही जपलं... मंग स्वतःले कायले नाही जपलं तुम्ही? मले कायले नाही सांगतलं? तुमच्यापरीस त्या काठाचं मोल जास्त होतं का?

कानशिलं तापली होती.

"आई?" हेमराज उंबऱ्यापाशी होता. "सुतार आला. काय सांगू त्याले?"

त्यांनी तोंड उघडलं. ‘हो’ आलं नाही. ‘नाही’ पण आलं नाही. त्यांना ओरडायचं होतं, या पोरावर नाही, सुतारावरही नाही. आणि ज्यांच्यावर ओरडायचं होतं ते नव्हते. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदाच ते खरोखर नव्हते.