मामांच्या नावाची फाईल

चिमीची कॉट होती त्या खोलीच्या भिंतीत एक भेग होती. आधी तिच्यात नख जायचं. सून पेन्सिलीनं भेगेशेजारी तारखा टाकत गेली आणि परवा तीच पेन्सिल टोकासकट आत गेली.

"भेग तू यायच्या आधीपासून आहे या घरात," सासूबाई म्हणाल्या. "तिला कळतं कसं नांदायचं ते."

खोली वरच्या मजल्यावर, रस्त्यावर पुढे आलेली. खाली ना भिंत, ना खांब. हिला परवानगी आहे का, असं विचारलं की सासूबाई पॅसेजमधल्या फ्रेमकडे बोट दाखवायच्या. काचेमागे शिक्का मारलेला पिवळट कागद. "माझ्या भावानं नकाशा काढलाय. तुझ्या चार बुकांपेक्षा त्याला जास्त कळायचं." अशा वेळी नवरा हटकून मोबाइल चार्जिंगला लावायला उठायचा.

शेवटी तिनं त्या कागदाचा फोटो काढला आणि दहा महिन्यांच्या चिमीला कडेवर घेऊन बांधकाम परवानगीचं ऑफिस गाठलं.

"पोरीला खाली सोडू नका, फायली खाईल," रेकॉर्डचा कारकून म्हणाला. मग फोटो बघून हसला. "ही परवानगी? बाई, ही पोच आहे. तुमचा अर्ज आला, एवढंच. अशी पोच मी वेड्यालासुद्धा देतो."

"मग परवानगी कुठेय?"

"वर्ष कोणतं?"

फोटोत तारखेवर ओलीचा डाग होता. "माहीत नाही. घर क्रमांक सांगते ना."

"घर क्रमांक तीनदा बदललेत. इथं फायली लागतात नकाशा काढणाऱ्याच्या नावानं. घर पडलं तर मानगूट कुणाची धरायची, ते कळायला नको?"

तिनं मामेसासऱ्यांचं नाव सांगितलं. कारकुनानं खुर्ची काही सोडली नाही. "तिसरं कपाट. तुम्हीच बघा, मला धुळीचा त्रास आहे."

धुळीचा त्रास चिमीलाही होता, पण तिला कोण विचारतो! एका हातानं पोर सावरत आणि दुसऱ्यानं गठ्ठे उपसत तिनं तास घालवला. मामांनी निम्म्या गावाचे नकाशे काढले होते. आपल्या घराची फाईल सापडली तेव्हा चिमीनं खांद्यावर लाळेचं तळं केलं होतं.

नकाशा सुरेख होता. त्यावर लाल शाईत आडवं लिहिलेलं: 'स्लॅब उघड्या गॅलरीपुरती. भिंती व छप्पर घालू नये. खोली नामंजूर.' खाली 'उत्तर मिळाले' आणि सही. किराण्याच्या यादीखालीही सासूबाई करायच्या तीच, शेवटी लांब शेपूट काढलेली.

म्हणजे हे उत्तर हातात पडल्यावर त्यांनी पोच फ्रेम करून घेतली होती.

"मला याची नक्कल हवी."

"नक्कल दिली की नोंद होते," कारकून जांभई देत म्हणाला. "नोंद झाली की निरीक्षक येतो. खोली पाडायला लावतील. सासरचं घर ना? घरी जाऊन विचार करा."

"घरी गेले तर विचार ते करतील," ती म्हणाली आणि तिनं अर्जावर सही केली.

घरी सासूबाईंनी नक्कल वाचली, पण चष्मा लावला नाही.

"घराची चुगली करून आलीस?"

"तुम्हाला माहीत होतं, आई. तरी चिमीची कॉट तिथंच लावायला लावलीत."

"हवेशीर म्हणून लावली! माझा भाऊ चुकला नव्हता. ते लाल शाईवाले जळायचे त्याच्यावर."

"जळू देत. उद्या अकराला निरीक्षक येतोय."

तिनं कॉट ओढत सासूबाईंच्या खोलीत नेली. त्या खोलीखाली भिंत होती. सासूबाईंनी आपली गादी गुंडाळून काखेत मारली, थेट गॅलरीच्या खोलीत गेल्या आणि भिंतीला टेकून फतकल मारून बसल्या.

"बघतेच, माझ्या भावाची खोली कोण पाडतंय ते!"

"बाहेर या, आई. हट्टाची जागा नाही ही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी हात पुढे केले, आवाज मऊ केला. "चिमे, ये गं. ये आजीकडे. तुझी आई वेडी झालीय."

पॅसेजमध्ये खाली बसवलेली चिमी खुदकन हसली आणि रांगत निघाली. तिला आजीचे हात तेवढे दिसत होते. तिचा एक तळवा उंबऱ्यावर पडला तेव्हा आईनं तिला कमरेत धरून उचललं. चिमीनं भोकाड पसरलं, आजीकडे झेप घेतली, आईच्या गालावर नखं ओढली.

"बघ, पोर कुणाची आहे ते," आतून सासूबाई म्हणाल्या. हात अजून तसेच पुढे.

"तुमचीच आहे," ती म्हणाली. "घ्यायची असेल तर इथं येऊन घ्या."

सासूबाई उठल्या नाहीत. चिमी रडत होती. सून उंबऱ्याच्या अलीकडे, पोर घट्ट धरून, उभी राहिली.