शिंगाच्या पातळ पट्ट्या

हे घडलं एकोणीसशे एकसष्ट साली. तेव्हा माणसं वस्तऱ्याला धार लावून घ्यायला स्वतः चालत येत आणि दुकानाच्या बाकावर गप्पा झोडत बसत.

धारवाल्याच्या त्या दुकानात मधोमध पडदा होता. पडद्यापुढे अण्णा बसत, मागे त्यांची थोरली लेक. अण्णांचे हात पाच वर्षांपासून थरथरत होते. काम सगळं थोरलीचं, नाव अण्णांचं. फक्त एक रीत त्यांनी सोडली नव्हती. मुठीच्या शेवटच्या खिळ्यावरचा शेवटचा ठोका मालकाचा, तोही गिऱ्हाइकासमोर. त्या जड ठोक्याचा अंदाज धरून थोरली मुठीच्या पट्ट्या नेहमी जरा जाडच ठेवायची.

तिला तिथून सुटायचं होतं. पडद्यामागे तेलाचा वास, धारेचा दगड आणि एक झरोका. झरोक्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या सुऱ्यांना धार लावायला माणूस हवं होतं आणि निवड म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हातात होती. तिनं त्यांना गुपचूप गाठून सांगितलं, "दुकानातलं काम माझ्या हातचं असतं."

चार दिवसांनी डॉक्टर आपल्या आजोबांचा वस्तरा घेऊन आले. पात्यावर गंज, मूठ तडकलेली.

"मूठ पहिली होती तशी हलकी हवी," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "पसंत पडली तर पुढचं बोलू."

अण्णांना वाटलं, आणखी काम मिळणार.

थोरलीनं आठवडाभर जीव ओतला. जुने खिळे पोखरून काढले, दगडानं गंज उतरवला, शिंग तापवून सरळ केलं आणि कानशीनं घासत गेली. पट्ट्या इतक्या पातळ झाल्या की उजेडात धरल्या तर मधासारख्या दिसाव्यात. अशी मूठ तिनं कधी केली नव्हती. त्या नादात अण्णांचा ठोका ती साफ विसरली.

डॉक्टर आले तेव्हा बाकावर न्हावी बसला होता. थोरलीनं वस्तरा पडद्याबाहेर आणून ठेवला. अण्णांनी हातोडी मागितली आणि तिला ठोका आठवला.

"अण्णा, खिळा पक्का बसलाय. राहू द्या."

"वा. आता मालकालाच घरी बसवतेस का?"

"बसा की अण्णा," न्हावी म्हणाला. "माझ्या गिऱ्हाइकांच्या गालांना तेवढाच आराम."

अण्णा हसले आणि त्यांनी ठोका घातला. खिळ्यापासून पट्टीच्या टोकापर्यंत बारीक चीर गेली.

डॉक्टरांनी वस्तरा उचलला, चीर पाहिली, मग थोरलीकडे पाहिलं. "हे कशामुळे झालं?"

अण्णांचा हात थरथरतो, एवढं तिनं म्हणायचा अवकाश होता. न्हाव्यानं ते दिवस मावळायच्या आत गावभर केलं असतं. अण्णांनी हातोडी मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरली होती. ते जमिनीकडे बघत होते.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "पट्ट्या मी घासल्या. अंदाज चुकला."

हे खोटंही नव्हतं. मग ती थांबली. अण्णा काहीतरी बोलतील असं तिला वाटलं, आणि ते बोललेही.

"पोर आहे. शिकेल हळूहळू."

ती बत्तीस वर्षांची होती.

"सुरीच्या कामात अंदाज चुकून चालत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. पुढचं बोलणं निघालं नाही.

तिनं मूठ पुन्हा करून दिली, जरा जाड. डॉक्टरांनी ती मरेपर्यंत वापरली. इस्पितळात दुसऱ्या गावचा एक लोहार लागला. न्हाव्यानं पुढं आरशांचं मोठं दुकान थाटलं आणि दाढीला ब्लेडची पाती वापरायला लागला. अण्णा आणखी चौदा वर्षं जगले. त्या दिवसाबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त जेवताना तिला आधी वाढायला लागले.

थोरली शहरात गेली ती म्हातारपणी, मोतीबिंदू काढायला, त्याच इस्पितळात. सुऱ्यांना आता धार कोण लावतं, असं तिनं नर्सला विचारलं.

"धार कसली, आजी?" नर्स म्हणाली. "एकदा वापरायच्या आणि टाकून द्यायच्या."