आधी मोजा, मग भंगार म्हणा

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. भंगार मात्र म्हणू नका. तो शब्द मला दोनदा ऐकवला गेला आणि दोन्ही वेळा खोटा ठरला.

कारखान्यात शेकडो सेल एका पेटीत बसवले, तो माझा जन्म. तिथून मी सांगलीच्या मुबश्शिराच्या इलेक्ट्रिक रिक्षात, सीटखाली जाऊन बसले. विजेच्या गाड्यांना सरकारने अनुदान दिले, म्हणून तिला ती रिक्षा घेता आली. हळदीची पोती, लग्नाचे पाहुणे, शाळेची पोरे, मी सगळ्यांना ओढले. खंडेनवमीला हार पडायचा तो हँडलवर. सीटखाली वाकून कोणी पाहायचे नाही. राग यायचा मला, आणि तो मी लपवणार नाही.

सहाव्या वर्षी मी थकले. पूर्वी एका चार्जिंगवर दिवस निघायचा, आता दुपारीच रिक्षा रेंगाळू लागली. शोरूममधल्या माणसाने पेटी उघडलीसुद्धा नाही. "भंगारात द्या, नवी घ्या," म्हणाला. मुबश्शिराने नवी घेतली. तिचे पोट रिक्षावर होते, मी तिला दोष देत नाही. पण भंगारवाल्याकडे न जाता ती मला बादशहाचाचांकडे घेऊन गेली. मोटारी आणि पंप दुरुस्त करण्यात चाचांची हयात गेली होती.

चाचांनी माझा एकेक सेल मीटर लावून तपासला. दोन दिवस लागले. "पोरी, ही दमलीया, मेली न्हाई," ते म्हणाले. "रिक्षा वढायचं हिला आता झेपायचं न्हाई. पण एका जागी बसून लय वर्सं काम करंल." फुगलेले, दुबळे सेल काढून त्यांनी पुनर्वापराच्या केंद्राला पाठवले. उरलेल्यांना सुरक्षेचे नवे सर्किट जोडले आणि मला पुन्हा बांधले.

अशी मी कुंडलला, चंद्राबाईंच्या दूध डेअरीत आले. डेअरीच्या छपरावर सौर पॅनेल होते, पण दुपारी वीज भरपूर तेव्हा डेअरी बंद. संध्याकाळी दूध यायचे आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. दुधातले फॅट मोजायचे मशीन बंद पडले, की बायका किटल्या घेऊन ताटकळत बसायच्या आणि उन्हाळ्यात दूध नासायचे. आता दुपारचे ऊन मी पोटात ठेवते आणि संध्याकाळी देते. मोठ्या वीज उपकेंद्रांत माझ्या भावकीतल्या दांडग्या बॅटऱ्या हेच काम करतात. मी गावापुरते करते.

गेल्या श्रावणात वीज साठवणुकीच्या योजनेची पाहणी करायला एक साहेब आले. त्यांनी मंजूर बॅटऱ्यांची यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि कागदावर 'भंगार' लिहिले. "यादीत नव्याच बॅटऱ्या आहेत. ही गाडीतून काढलेली, भंगार आहे. उद्या काढा, नाहीतर सौर जोडणी बंद करावी लागेल."

चंद्राबाई तेव्हा बनुबाईंचे दूध मशीनला लावत होत्या. बनुबाईंची एकुलती एक गाय, आणि दूध दिसायला पाण्यासारखे.

"आवं सायब, हे दूध कसं दिसतंय?"

"पातळ," साहेब म्हणाले.

मशीनवर चार पॉइंट दोन उमटले. त्या दिवशीच्या गाईच्या दुधात सगळ्यांत जास्त. बनुबाई पदराआड हसल्या.

"आमी कुणाचं दूध नुस्तं बगून माघारी धाडत न्हाई," चंद्राबाई कडाडल्या. "मशीनला लावतो, मग बोलतो. तुमी न मोजताच भंगार म्हणताय व्हय? मेन स्विच पाडा. शेवटची किटली हुईस्तवर टिकली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई टिकली, तर मीच हिला तुमच्या गाडीत टाकते!"

साहेबांनी स्विच पाडला. दोन दिवस आभाळ होते, माझे पोट अर्धेच भरलेले. रांगेत चाळीस किटल्या. मी घाबरले होते. पण दिवे, काटा, मशीन, एकालाही मी अंधारात सोडले नाही. पस्तिसाव्या किटलीला माझा चार्ज दाखवणारा हिरवा ठिपका तांबडा झाला. साहेब घड्याळ पाहू लागले. चंद्राबाईंनी घड्याळाकडे पाहिलेच नाही, त्या दूध मोजत राहिल्या. चाळिसावी किटली मोजून झाली आणि दिवे तसेच जळत होते.

साहेबांनी मेन स्विच स्वतः वर केला. कागदावरचा 'भंगार' शब्द खोडून 'चालू' लिहिले. "नियम अजून तसाच आहे, बाई. मी वर कळवतो."

"कळवा की. तवर ही हितनं हलायची न्हाई."

मित्रांनो, मी खरोखर संपेन त्या दिवशी मला उकिरड्यावर फेकू नका, नीट पुनर्वापराला द्या. पण त्याआधी मीटर लावा. एखाद्या वस्तूला टाकाऊ ठरवायचा तेवढाच हक्क तुम्हाला आहे, मोजल्यानंतरचा.

वरून अजून काही उत्तर आलेले नाही. सहा वाजलेत आणि लाइट आत्ताच गेली. बनुबाई किटली घेऊन मशीनपाशी उभ्या आहेत, आणि त्यांच्या दुधाचा आकडा मशीनवर उमटतो आहे.