झाकून ठेवलेलं भांडण

लुबनाचा मला पहिल्यांदा राग आला तो उदगीरला, तिच्या अब्बांच्या स्कूटरमुळे.

इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती. मी लातूरच्या कॉलेजकडून आले होते, ती नांदेडच्या. तिचे अब्बा, खाजामियाँ, घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्यांच्याकडे एक जुनाट स्कूटर होती. एकदा सुरू झाली की ती बंद करायचा त्यांना धीर व्हायचा नाही, कारण पुन्हा सुरू करायची तर अख्खा मोहल्ला ढकलायला लागायचा. म्हणून डबा घरी राहिला की ते दारापुढून चकरा मारत राहायचे आणि लुबनाची अम्मी चालत्या गाडीवर डबा फेकायची. बस, एवढंच भाषण. इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, उच्चार तर विचारूच नका. पण सभागृह खदाखदा हसत होतं. एक परीक्षक तर टेबलावर हात आपटून हसले. खुर्चीत माझा नुसता जळफळाट चालला होता.

पहिलं बक्षीस मलाच मिळालं. मला नेहमीच मिळायचं. माझ्याकडे भूकंप होता.

किल्लारीच्या पलीकडे आमचं लहानसं गाव. त्र्याण्णव साली ते पडलं तेव्हा मी आणि अप्पा अंगणात झोपलो होतो, म्हणून वाचलो. आई घरात होती. शेजारची मल्लम्मा तिच्या घरात होती. नंतर अप्पा पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि मी शिकायला लातूरला, वसतिगृहात आले.

लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. ज्या भिंतीकडे बघावं तिथे डॉक्टर-इंजिनियर व्हायला निघालेल्या पोरांचे फोटो. शिवशंकर सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास औसा रोडला, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर भरायचा. त्यांच्या क्लासचं कुणी मेडिकलला लागणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांच्या बोर्डावर माझा फोटो होता. खाली मोठ्या अक्षरांत ‘भूकंपग्रस्त कु. रत्नम्मा’. त्या बोर्डाखालून जाताना मी मान खाली घालायची.

सर तयारी मात्र जीव तोडून करून घ्यायचे. पांढराच ड्रेस. केसांना तेल कमी. आईचा उल्लेख आला की आवाज तुटला पाहिजे, मग थांबायचं, मनात पाचपर्यंत आकडे म्हणायचे आणि मगच पुढचं वाक्य. सुरुवातीला माझा आवाज खरंच तुटायचा. पुढे पुढे तो सवयीनं तुटायला लागला, खाली टायरवाला घण घालत असला तरी बरोबर त्याच शब्दावर. आईचं बोलायचं आणि मनात आकडे म्हणायचे, याची मला शिसारी यायला लागली होती.

“सर, एकदा दुसरं काही बोलू का? गमतीचं?” मी एकदा विचारलं.

“गमतीचं बोलणारे पैशाला पासरी हायत,” सर म्हणाले. “तुझ्याजवळ जे हाय ते कुणाजवळ हाय का? येडी झालीस की काय?”

तेवढ्यात नांदेडच्या स्पर्धेचा विषय आला, ‘माझा शेजार’. सरांना आनंद मावेना. “आपलाच विषय की गं हा!” म्हणाले आणि एका बैठकीत त्यांनी मल्लम्माचा मृत्यू लिहून काढला. मल्लम्माला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्या कागदावर ती एक दयाळू म्हातारी होती. दयाळू! मल्लम्मानं आयुष्यात कुणाला फुकट मिरची दिली नाही.

क्लासमध्ये मी सरांचं भाषण म्हणायची आणि वसतिगृहाच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांपुढे माझं. आवाज कुठे चढवायचा, लोक हसले की किती थांबायचं, सगळं बसवलं. हसण्यासाठी थांबायचं म्हणून मी थांबायची, आणि दोरीवरच्या चादरी नुसत्या हलायच्या. बक्षीस खुशाल लुबनाला जाऊ दे. तिला जे मिळतं ते मला एकदा हवं होतं. अख्खं सभागृह हसायला हवं होतं, माझ्यामुळे.

नांदेडला लुबनाचा नंबर माझ्या आधी होता. तिचा शेजारी अर्थातच स्कूटर ढकलणारा निघाला. तिनं तोंड उघडायच्या आतच लोक हसायला लागले होते. हसली की तिच्या गालाला खळी पडते, तीसुद्धा मला बघवेना.

मग निवेदक उभे राहिले आणि खर्जात म्हणाले, “आता भूकंपानं उद्ध्वस्त झालेल्या मातीतून आलेली आपली एक भगिनी...” झालं. लोक सावरून बसले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी आधीच रुमाल काढला. मी अंगात मुद्दाम पिवळा ड्रेस घातला होता, तो कुणाला दिसलाच नाही. सर दाराजवळ कपाळाला हात लावून उभे होते.

मी सुरू केलं. माझी आई आणि मल्लम्मा रोज भांडायच्या. स्वयंपाकाची वेळ झाली की मल्लम्मा अंगणात एक टोपली पालथी घालायची आणि म्हणायची, भांडण इथं झाकून ठेवलंय, भाकरी थापून येते. दुसऱ्या दिवशी टोपली उचलायची आणि राहिलेल्या शब्दापासून पुढे भांडायचं. इथे मी थांबले. गच्चीवर इथेच थांबायची.

कुणी हसलं नाही. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

मी पुढे गेले. एका सकाळी आईनं टोपली उचलली, तर आतून कोंबडी फडफडत थेट मल्लम्माच्या डोक्यावर. पलीकडच्या गल्लीतली असावी, टोपलीची कड उचलली गेली होती तिथून शिरलेली. आणि जमिनीवर अंडं! आम्ही लिंगायत, मल्लम्माही लिंगायत. दोन्ही घरांत अंड्याचं नाव काढायची सोय नाही. आई म्हणाली, टोपली तुझी, अंडं तुझं. मल्लम्मा म्हणाली, भांडण तू काढलंस, त्याच्याखाली निघालं ते तुझंच. दुपारपर्यंत दोघी ते अंडं एकमेकींच्या पदरात घालत होत्या.

पहिल्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. एका परीक्षकांनी चष्मा काढून ठेवला. मला ओरडावंसं वाटलं, अहो, कोंबडी डोक्यावर बसली म्हणतेय मी!

तेवढ्यात कोपऱ्यातून फिस्सकन आवाज आला. मग आणखी एक, दाबूनही न दबणारा. स्पर्धकांच्या बाकावर लुबना तोंडात ओढणी कोंबून गदागदा हलत होती. सगळं सभागृह मागे वळलं. तिच्या मॅडमनी तिचा दंड धरला, डोळे वटारले. आणि माझ्या मनात काय आलं? हे हसू हिच्याकडूनच का? एवढ्या लोकांतून, देवा, नेमकी हीच का?

मी भाषण संपवलं. अंडं दुपारी गायब झालं, आई म्हणाली मल्लम्मानं फेकलं, मल्लम्मा म्हणाली आईनं, आणि दोघी शेवटपर्यंत तसंच समजत राहिल्या. ‘शेवटपर्यंत’ म्हटल्याबरोबर कुणीतरी हुंदका दिला.

पहिलं बक्षीस मला. परीक्षक म्हणाले, या मुलीनं काळजातलं दुःख हसऱ्या मुखवट्याआड लपवलं. मुखवटा कसला? अंडं होतं ते! सर खुशीत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, “हे जास्त चाललं की गं. पुढच्या बारीला हेच धरू.” माझ्या हातातली बक्षिसाची ढाल मला जड झाली.

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ लुबना मला गाठायला आली. डोळे लाल. मॅडमनी चांगलंच झापलेलं दिसत होतं.

“माफ कर गं,” ती म्हणाली. “मी हसाया नको होतं. लई कंट्रोल केला, पण ती कोंबडी...”

“माफी कशाला मागायलीस?” मी तिच्या अंगावरच गेले. “हसायलाच सांगितलं होतं मी!”

ती दचकली. मग टाकीच्या कठड्याला टेकली.

“खरं सांगू? मी जळते तुझ्यावर,” ती म्हणाली. “लोक मला हसतात अन् इसरतात. तुझं बोलणं झालं की समदे गप. माझ्याजवळ काय हाय, अब्बांची खटारा स्कूटर. तुझ्याजवळ तर...” तिनं जीभ चावली.

“भूकंप हाय,” मी म्हणाले. “बोल की.”

तिच्या ओढणीचं टोक चावून ओलं झालं होतं. मला वाटलं आता ही सगळ्यांसारखी हळहळेल, डोक्यावरून हात फिरवेल. मी त्यासाठी तोंड वाकडं करून तयारच होते.

“एक इचारू?” ती म्हणाली. “अंडं कुणी नेलं?”

इतक्या बक्षिसांत, इतक्या हारतुऱ्यांत, मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

“मी,” मी म्हणाले. “पलीकडच्या गल्लीत मैत्रिणीच्या घरी नेऊन उकडून खाल्लं. मीठ लावून.”

“या अल्ला! अन् अम्मीला?”

“तिला कळलंच नाही.”

लुबनानं आधी माझ्याकडे नीट पाहिलं, हसावं की नाही म्हणून. मग ती हसली, खळीसकट, टाकीवर थापा मारत. आई आणि मल्लम्मा गेल्यावर त्यांच्यावर एवढं कुणी हसलं नव्हतं. ते हसू हिच्याच तोंडून यावं, याचा मला अजूनही रागच येत होता.

“आता त्यांचं टमाट्याचं भांडण ऐक,” मी म्हणाले आणि ढाल खाली ठेवून तिच्याजवळ बसले.